मामांच्या बैलांना हवेनं अडवलं, मी नव्हे

मुक्काम धुळे, खानदेश.
पौष वद्य पंचमी.

तीर्थरूप मारुतीमामा यांच्या पायांवर भाचा परशराम याचं डोकं. (डोकं पायांवर ठेवलं आहे, ते ठेवताना मान किती वाकवली, हे पत्र संपल्यावर तुम्हीच ठरवा.) इकडं माझी तब्येत ठीक. खानदेशात थंडी अशी पडली आहे की सकाळी पंपाच्या दांड्याला हात लावला तर हात तिथंच राहतो की काय असं वाटतं. पण खोकला नाही, ताप नाही, आणि पश्चात्ताप तर अजिबात नाही. तुमची कंबर कशी आहे? शालूमामीचा डावा डोळा लवायचा थांबला का? मल्ल्या आणि हरण्या या दोघा बैलांची खुशाली मी वेगळी विचारतो, कारण तुम्ही माझ्यावर रागावला आहात तसे ते रागावले असतील असं मला वाटत नाही. हरण्याच्या मानेला जू घासलं होतं तिथं खोबरेल लावत जा.

हे पत्र भरमूअण्णा पोस्टमन तुमच्या सोप्यावर बसून वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे. तो तुमच्या हाडवैरी भावकूचा सख्खा मेहुणा आहे हेही ठाऊक आहे. म्हणून त्याला इथंच हात जोडतो. भरमूअण्णा, भावकूचं नाव आलं की तुला खोकला येतो, आणि खोकला संपला की तू चार ओळी पुढं गेलेला असतोस. ह्या खेपेला आधी पाणी पिऊन घे. पत्रातली एकही ओळ गाळायची नाही. मी घरी आल्यावर मामांना तोंडपाठ विचारणार आहे.

मामा, तुमचं कार्ड पोचलं. त्यात तुमचा हुकूम असा, की माघाच्या आत मी नंदगडला यावं, देवळाच्या पायरीवर उभं राहावं, हातात भंडारा घेऊन साऱ्या गावासमोर म्हणावं की, पितळी भोपळ्यात करणी होती, पाळंदे मास्तर जादूगार आहेत, आणि जत्रेत जे घडलं ते सगळं खोटं. एवढं म्हटलं की झालं गेलं धुऊन निघालं, आणि पाळण्यात असल्यापासून माझ्या नावानं ठेवलेली मालू माझी. नाही म्हटलं तर माघातल्या पहिल्या मुहूर्तावर ती निपाणीच्या गुंडूला, जो तंबाखूच्या वखारीत तराजू धरतो.

तर मामा, मी ते म्हणणार नाही. मास्तर जादूगार नाहीत. जादूगार असते तर भाड्याच्या बैलगाडीतून धूळ खात हिंडले नसते, आणि मला भाकरीबरोबर रोज चटणीच खावी लागली नसती. मालू तुमची लेक आहे, कुणाला द्यायची ती द्या. मला काही त्याचं वाटत नाही. (भरमूअण्णा, हे वाक्य हळू वाचलंस तरी चालेल.)

मास्तरांची नि माझी गाठ कशी पडली हे तुम्ही गावाला चुकीचं सांगता, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो. चौथीत मी शाळा सोडली. (म्हणजे शाळेनं मला सोडलं, मी हरकत घेतली नाही.) मग गुंजी स्टेशनवर सागाचे ओंडके मालगाडीच्या वाघिणीत चढवायच्या कामावर होतो. एक दिवस पासिंजरमधून एक दाढीवाले गृहस्थ सात पेट्या घेऊन उतरले. त्यातली सगळ्यांत हलकी पेटी मी खांद्यावर टाकली, तशी ते किंचाळले, "अरे हळू! आत काही नाही!" मी म्हटलं, "काही न्हाई तर भ्या कशाचं?" तर म्हणाले, "काही नाही म्हणूनच जपायचं. ते 'काही नाही' करायला मला दोन दिवस लागलेत." पेटीत काचेची एक तुंबडी होती आणि तिच्यातली हवा काढून घेतलेली होती. मामा, मी लहानपणापासून ऐकत आलो की परसूच्या हातून काही होणार नाही. म्हटलं, 'काही नाही' करणारा माणूस भेटला आहे, हाच आपला धंदा. ओंडका तिथंच टाकला आणि पेटीबरोबर गेलो. त्याला आता अडीच वर्षं झाली. मास्तर गावोगाव बाजारात, जत्रेत, शाळेपुढं प्रयोग दाखवतात. मी पंप मारतो. काचेच्या हंडीत घंटा हलते पण वाजत नाही, ते मी मारलेल्या पंपामुळं. विजापुरात तर एक म्हातारी हंडीला कान लावून रडली होती, देवाचा आवाज कुठं गेला म्हणून. मास्तरांनी तोटी सोडून हवा आत घेतली, घंटा वाजली, तशी तिनं मास्तरांची दृष्ट काढली.

आता जत्रेचं. गाव काय वाटेल ते बोलतं, म्हणून पहिल्यापासून सांगतो. पितळेच्या दोन अर्ध्या वाट्या, एक वीत चार बोटं तोंडाच्या. मध्ये चामड्याचं कडं, त्याला मेण आणि एरंडेल. एकीवर एक ठेवल्या की भोपळा. आतली हवा पंपानं काढून घेतली की बाहेरची हवा चहूकडून दाबते, आणि भोपळा उघडत नाही. यात करणी कुठं आली? मास्तरांनी त्या दिवशी सोपं करून सांगितलं होतं, की घागर विहिरीच्या पाण्यात असते तोवर दोराला जड लागत नाही, पाण्याबाहेर आली की लागते. तसे आपण हवेच्या विहिरीत तळाशी उभे आहोत, म्हणून तिचं वजन कळत नाही. बीडी गावाहून आलेला एक कानडी मिरचीवाला दर थोड्या वेळानं "बरी गाळी एन्री? बरी गाळी?" म्हणजे नुसती हवा का हो, असं विचारत भोपळ्याभोवती फिरत होता. त्याला पटलं. तुम्हाला पटलं नाही. तुम्ही मिशीला हात लावून म्हणालात, "मास्तर, माझं बैल चिखलात रुतलेली सागाची गाडी एका हिसक्यात काढत्यात. तुमच्या दोन भांड्यांची काय कथा!"

रीतीनं एका बाजूला एक जोडी नि दुसऱ्या बाजूला दुसरी जोडी लावायची होती. भावकू त्याची जोडी घेऊन आलाच होता. (भरमूअण्णा, पाणी पी.) तुम्हीच म्हणालात की त्या एकशिंग्या हाडकांच्या समोर माझे बैल जुंपणार नाही, त्यांना लाज वाटेल. म्हणून दुसरी साखळी बाजारच्या माळावरच्या चिंचेला बांधली. मी दीडशे दांडे मारले. मल्ल्या-हरण्यानं ओढलं. काय ओढलं मामा! खुरांनी जमीन उकरली, चिंचेचा पाला खाली आला, साखळी वाजली, तुमचा पटका सुटला, भोपळा हलला नाही. मग मास्तरांनी मालूला पुढं बोलावलं आणि म्हणाले, "बाळ, ही तोटी फिरव." तिनं फिरवली. सूंऽऽ करून हवा आत शिरली आणि दोन बोटांनी मालूनं भोपळा उघडला. हवा आत जाताना तिनं कान लावला होता. म्हणाली, "बया, कशी धापा टाकत आत जातीया. लई उपाशी हाय वाटतं आतलं!" सगळे हसले. तुम्हीसुद्धा हसलात. त्या दिवशी तुम्ही रागावला नव्हता, हे तुम्ही आता विसरलात, मी नाही. तुम्ही पानाच्या दुकानापुढं उभे राहून सांगत होता की, जे मारुतीच्या बैलांना उघडत न्हाई ते हिंदुस्थानात कुणाला उघडत न्हाई. आणि उघडलंच तर मारुतीची लेक उघडते. मला जेवायला तीन पोळ्या जास्त वाढल्या होत्या त्या काय करणीच्या होत्या?

भोपळा त्या रात्री तुमच्याच सोप्यावर पाटावर ठेवला होता, दोन्ही वाट्या उताण्या. सकाळी बघतो तर वाट्यांना कुंकवाची बोटं आणि आत एकेक शेवंतीचं फूल. मला वाटलं बरोबर आहे, आपल्याकडं नांगर पुजतात, तराजू पुजतात, मग एवढ्या मोठ्या बैलांना अडवणारा भोपळा का नाही पुजायचा? फुलं बाजूला ठेवली, कुंकू पुसलं, मेण लावलं, आणि माळावर गेलो. तिथं भावकू हलगी लावून तयार. कालपासून त्यानं गावाला सांगितलं होतं की मारुतीचे बैल लाडू खाऊन सुस्तावलेत, माझे उपाशी बैल दाखवतो. मी दीडशे दांडे मारले. मास्तर म्हणाले, लवकर जुंपा. पण भावकू लवकर जुंपील तर भावकू कसला? त्यानं बैलांना देवळाला पाच फेऱ्या घातल्या, हलगीसमोर स्वतः नाचला, बायको बायाक्काकडून बैलांना ओवाळून घेतलं, आणि मग सावकाश साखळी लावली. पुढचं तुम्ही पाहिलं. बैलांनी ओढलंच नाही. एकशिंग्यानं माशी हाकलायला मान फिरवली, फुस्स झालं, आणि भोपळ्याच्या दोन वाट्या दोन दिशांना.

मग काय हलगी! काय गुलाल! भावकू एकशिंग्याच्या गळ्यात पडून रडला. "मारुत्या, लाडू बंद कर, आता बैलास्नी माश्या चार!" असं तो चिंचेखालून ओरडला, आणि तुम्ही पटका जमिनीवर आपटून म्हणालात, "परश्या, तू भावकूला फितूर झालास. माझी लेक तुला न्हाई." मागून कुणीतरी ओरडलं की परसूच्या खांद्यावरचं घोंगडं भावकूनं दिलेलं आहे. मामा, ते घोंगडं माझं आहे. मी काय घोंगड्यासाठी माझ्या मामांचे बैल विकीन?

बरं, समजा तुम्ही म्हणता तसं मी म्हटलं, भोपळ्यात करणी होती. मग काय होईल ते तुम्ही बघितलं आहे का? तुमचे बैल हरले नाहीत हे सिद्ध होईल, पण त्यांनी ओढलं हेही खोटं होईल. चिंचेचा पाला खाली आला तो करणीनं, जमीन उकरली ती करणीनं. म्हणजे मल्ल्या-हरण्याची आयुष्यातली सगळ्यांत मोठी ओढ तुम्ही स्वतःच्या हातानं पुसून टाकणार, भावकूचं तोंड बंद करायला. मला ते बघवणार नाही. मास्तर म्हणतात, त्या दिवशी बैलांपुढं पंधरा मणांच्या वरचा दाब होता आणि तरी साखळीची एक कडी लांबली. ती कडी मी जपून ठेवली आहे. कुठल्या बैलानं हवेशी कुस्ती केली आहे? आणि मी खोटं बोलायला तयार नाही, याचं नवल तुम्हाला का वाटावं? आपल्या नंदगडात इंग्रजांशी लढलेल्या रायाण्णाला फासावर चढवलं. तुम्हीच दर अमावास्येला तिथं दिवा लावता आणि म्हणता, गड्यानं मान न्हाई वाकवली. मी काही रायाण्णा नव्हे. मला तलवार येत नाही, पंप येतो. पण पंप मारणाऱ्यालाही मान असते. देवळाच्या पायरीवर उभं राहून हवेला खोटं पाडण्यापेक्षा हिंडलग्याच्या तुरुंगात जन्मभर खडी फोडीन. तिथंही हवाच आहे, आणि तीही माझ्या बाजूनं साक्ष देईल.

राहता राहिला गुंडू. माणूस चांगला आहे. तंबाखूमुळं शिंका येतात, त्यात त्याचा दोष नाही. (लग्नाच्या बोलाचालीला तो बसला की दर वाक्याला अपशकुन होईल, ते तुम्ही भटजींना विचारून घ्या.) पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. जत्रेआधी आम्ही निपाणीत वखारीपुढं विजेचा प्रयोग केला होता. चाळीस माणसांनी गोल करून एकमेकांचे हात धरायचे, मास्तर यंत्राचं चाक फिरवणार, आणि विजेचा झटका एकाच दमात चाळिसांना. दलाल आणि हमाल एकमेकांचा हात धरायला तयार होईनात, ते मास्तरांनी गोडीगोडीनं जमवलं. म्हणाले, वीज जात विचारत नाही, सगळ्यांना सारखीच बसते. सगळे डोळे मिटून उभे. ऐन वेळी एकाला शिंक आली, आणि त्यानं नाक पुसायला हात सोडला. गोल तुटला. चाळीस माणसं कोरडी. तो गुंडू. तेव्हा मला ठाऊक नव्हतं की हा पुढं माझ्या मामांचा जावई व्हायचा आहे, नाहीतर एकट्यालाच धरून झटका दिला असता. मामा, चाळीस माणसांत ज्याला एक हात क्षणभर धरून ठेवता आला नाही, त्याच्या हातात तुम्ही मालूचा हात देणार? द्या. तुमची मर्जी. मला काही त्याचं वाटत नाही, हे वर लिहिलंच आहे.

तर माझा निकाल असा. पायरीवर ते म्हणणार नाही. भंडारा हातात घेणार नाही. मास्तरांना सोडून गुंजीला ओंडके वाहायला परत येणार नाही. तुमचा राग दहा वर्षं टिकला तरी मी अकरावं वर्ष वाट बघीन. मोठ्यांना नमस्कार, लहानांना जे काय असेल ते, आणि भावकूला सांगा की माशीलाही माझा नमस्कार.

आपला, हट्टी म्हणा, उनाड म्हणा, पण फितूर म्हणू नका,
परसू

ता. क. घोंगडं भावकूनंच दिलेलं आहे. वर लिहिताना हात थांबेना. पण मामा, ते त्यानं एकशिंग्या जिंकल्यावर आनंदाच्या भरात माझ्या खांद्यावर टाकलं, आधी नव्हे. धुळ्यात थंडी आहे म्हणून ठेवलं. आल्यावर परत करीन. धुऊन. (भरमूअण्णा, आता तरी मेहुण्याची बाजू आली, जरा मोठ्यानं वाच.)

दुसरा ता. क. भोपळा का उघडला ते मला पहिल्यापासून ठाऊक आहे. वाट्या गोळा करताना चामड्याच्या कड्यात एक तांदूळ रुतलेला सापडला. त्याच्या बाजूनं हवा आत झिरपत होती, भावकू देवळाला फेऱ्या घालत होता तेवढा वेळ. लवकर जुंपलं असतं तर तेव्हाही भोपळा उघडला नसता. मास्तरांचा नियम आहे, की मेण लावण्याआधी कडेवरून बोट तीन वेळा फिरवायचं. मी एकदाच फिरवलं. त्या वेळी माझं लक्ष चुलीकडच्या दाराकडं होतं. का होतं ते विचारू नका. तर मी पायरीवर येतो. गावासमोर मोठ्यानं म्हणतो, चूक झाली. बैलांची नव्हे, मास्तरांची नव्हे, हवेची तर नव्हेच, परसूची. एवढं खरं आहे, एवढं म्हणायला मान वाकवावी लागत नाही. आणि तुमच्याकडं एकच मागणं, ज्यासाठी हे सगळं पत्र लिहिलं. माघ शुद्ध दशमीला आमचा खेळ बेळगावात आहे. मल्ल्या-हरण्याला घेऊन या. भावकूलाही आणा, ह्या खेपेला समोरासमोर जुंपू. कडेवरून बोट मी दहा वेळा फिरवीन. दोन्ही जोड्यांना उघडलं नाही तर मुहूर्त गुंडूचा धरू नका. उघडलं, तर मी स्वतः निपाणीला जाऊन गुंडूच्या नाकाला रुमाल बांधून त्याला बोहल्यावर उभा करतो.

तिसरा ता. क. भरमूअण्णा, हे मात्र चुलीकडं तोंड करून वाच, भांड्यांचा आवाज थांबेपर्यंत थांब, आणि खोकू नकोस. तो तांदूळ लांबडा आहे, पोटावर तांबडी रेघ आहे. असा भात नंदगडात एकाच शेतात पिकतो, मामांच्या तळ्याकाठी. त्याला कुंकू लागलेलं आहे. कुणी घातला ते मी मास्तरांनाही सांगितलं नाही. ज्यानं घातला त्याला एवढंच कळवायचं आहे, की आतलं उपाशी नसतं. त्याला खायला घालू नये. पूजा बाहेरून करावी. तो एक दाणा मी पंपाच्या पेटीत कागदात गुंडाळून ठेवला आहे. बाकीच्या अक्षता असतील त्या त्यानं जपून ठेवाव्यात. त्या भोपळ्यात नको, डोक्यावर टाकायच्या आहेत. आधी माझ्या, आणि लगेच शेजारी जिचं डोकं असेल तिच्या.